ईजीआरचा कोड पुसला तरी परत येतो: व्हॉल्व्ह बदलण्याआधी काय तपासायचं

ईजीआर व्हॉल्व्ह (जळून झालेला वायू इंजिनात परत सोडणारी झडप) काढला, साफ केला, दोषाचा कोड पुसला. गाडी आठ-पंधरा दिवस नीट चालली आणि चेक इंजिनचा दिवा परत लागला. मग नवा व्हॉल्व्ह बसवला, तरी महिन्याभरात पुन्हा तोच पी०४०१. ही तक्रार इतकी सर्रास दिसते याचं कारण एका गैरसमजात आहे: कोडमध्ये ईजीआर आलं म्हणजे व्हॉल्व्हच गेला, असं धरलं जातं. पी०४०१ चा अर्थ एवढाच, की वायूचा प्रवाह अपेक्षेपेक्षा कमी भरला. तो वाटेत कुठे अडला, की प्रवाह ठीक असून मोजणारा सेन्सरच चुकतोय, हे कोडला माहीत नसतं. ते आपल्यालाच शोधावं लागतं.

त्यासाठी ईसीयू (इंजिनाचा संगणक) हा प्रवाह कसा ओळखतो हे आधी डोक्यात पक्कं हवं. ईजीआरचं काम सोपं आहे. जळून झालेला थोडा वायू इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेत, परत सोडायचा. त्यात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून सिलिंडरमधलं ज्वलनाचं कमाल तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. पण परत येणारा हा वायू थेट मोजणारा मीटर बहुतेक गाड्यांत नसतोच. ईसीयू दुसऱ्याच्या साक्षीवरून अंदाज बांधतो. डिझेलमध्ये ती साक्ष प्रामुख्याने आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर मास सेन्सरची असते: सिलिंडरची जागा ठरलेली, तिचा काही भाग एक्झॉस्टच्या वायूने भरला तर बाहेरून येणारी ताजी हवा तेवढी कमी व्हायला हवी. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत साक्ष मॅप (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) सेन्सरची असते: व्हॉल्व्ह उघडला की सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या या मॅनिफोल्डमधला दाब वर जायला हवा. काही इंजिनांत ईजीआरच्या नळीतल्या अरुंद भोकाच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजतात, काहींत नळीचं तापमान. आपल्या गाडीत साक्षीदार कोण, हे सर्व्हिस मॅन्युअलमधून बघितल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

साक्षीदार खोटं बोलला तर काय होतं ते डिझेलमध्ये स्पष्ट दिसतं. टर्बोनंतरचा होज क्लॅम्पपाशी चिरला आहे असं समजा. बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) आला की मोजून झालेली हवा तिथून बाहेर पळते. एअर मास सेन्सरने ती मोजलेली असते, सिलिंडरला मात्र मिळत नाही. ईसीयूला वाटतं ताजी हवा जास्त येतेय, म्हणजे ईजीआर कमी पडतोय. तो व्हॉल्व्ह आणखी उघडतो. सिलिंडरला हवा आणखी कमी, धूर जास्त, काजळी जास्त, आणि ती काजळी जाऊन बसते त्याच व्हॉल्व्हवर. व्हॉल्व्ह साफ केला तर काही दिवस बरं वाटतं, पण होज चिरलेलाच असतो. उलट, एअर मास सेन्सरच्या तारेवर धूळ-तेलाचा थर बसला तर तो हवा कमी दाखवतो. मग ईसीयूला ईजीआर जास्त झाल्यासारखा वाटतो, तो व्हॉल्व्ह मिटत जातो आणि जास्त प्रवाहाचा कोड पी०४०२ येऊ शकतो.

कोड वाचताना

पी०४००, पी०४०१ आणि पी०४०२ हे प्रवाहाबद्दलचे कोड. यांत व्हॉल्व्ह हा अनेक संशयितांपैकी एक. पी०४०३, पी०४८९, पी०४९० हे विजेच्या सर्किटचे; इथे मल्टिमीटर आधी, साफसफाई नंतर. पी०४०५ आणि पी०४०६ म्हणजे पोझिशन सेन्सरचा व्होल्टेज अनुक्रमे फार खाली किंवा फार वर. पी०४०४ फसवा आहे. व्हॉल्व्हला सांगितलं तिथे तो पोचला नाही, एवढंच त्यातून कळतं. कार्बनमुळे अडकला, मोटर कमजोर झाली, की सेन्सरची ट्रॅक (आतली सरकत्या संपर्काची पट्टी) झिजली, तिन्ही शक्य. पी२४५७ ईजीआर कूलरच्या कार्यक्षमतेबद्दल आहे.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम (कोड पडला त्या क्षणाची नोंद) लिहून घ्या: कुलंटचं तापमान, आरपीएम, लोड, गाडीचा वेग. हे चार आकडे एकदा पुसले गेले की परत मिळत नाहीत, आणि अर्धं निदान त्यांच्यात असतं. कोड दर वेळी कुलंट ६५-७० अंशांवर असताना पडत असेल, तर कुलंटचं तापमान सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटकडे बघायला लागायचं.

स्कॅनरवर, काहीही न उघडता

इंजिन पूर्ण गरम करा, बहुतेक गाड्यांत ८० ते ९० अंशांच्या दरम्यान. मग लाइव्ह डेटात चार ओळी एकत्र लावा: ईजीआर कमांड, ईजीआर पोझिशन, एअर मास, मॅप. साध्या ओबीडी (गाडीतले कोड वाचणाऱ्या) स्कॅनरवर 'ईजीआर एरर' ही ओळ असते. ती ९९.२ टक्के दाखवते म्हणून अनेक जण घाबरतात. कमांड शून्य असताना व्हॉल्व्ह जरासाही उघडा दिसला, तर शून्याने भागता येत नाही म्हणून मानकातच हा आकडा ठरवून दिलेला आहे. त्याचा अर्थ 'मिटायला सांगितलं पण पूर्ण मिटला नाही' एवढाच घ्यायचा.

डिझेलमध्ये एअर मासचा आकडा खरा की खोटा, हे हिशेबाने ताडता येतं. चार सिलिंडरचं १.५ लिटर इंजिन घ्या. एका सिलिंडरची जागा ३७५ घनसेंटिमीटर. हवेची घनता साधारण १.२ ग्रॅम प्रति लिटर धरली तर एका फेरीत जास्तीत जास्त ४५० मिलिग्रॅम हवा मावेल. प्रत्यक्षात भरते त्याच्या ८० ते ८५ टक्के, म्हणजे ३६० ते ३८० मिलिग्रॅम. २ लिटर इंजिनात हाच आकडा ४८० ते ५१० येतो. स्कॅनर ग्रॅम प्रति सेकंद दाखवत असेल तर ८०० आरपीएमला चार सिलिंडर मिळून सेकंदाला सुमारे २६.७ वेळा हवा ओढतात, १.५ लिटरला साधारण १० ग्रॅम. ईजीआर मिटलेला असताना आकडा याच्या आसपास हवा. उंचावरच्या प्रदेशात हवा विरळ, तिथे तो कमी येणारच. आता ॲक्च्युएटर टेस्टमधून (स्कॅनरवरून भाग चालवून बघायची सोय) व्हॉल्व्ह उघडा. आकडा ठळकपणे, पुष्कळदा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त, खाली यायला हवा. मिटलेला असतानाच २५० दिसला तर एकतर व्हॉल्व्ह गळतोय, इनटेक फ्लॅप (हवेच्या वाटेतली झडप) अर्धवट बंद आहे, किंवा सेन्सर कमी मोजतोय. मिटलेला असताना ३७० आणि उघडल्यावरही ३६०, तर पोझिशन काहीही म्हणो, वायू येत नाही. वाट बुजलेली आहे.

पेट्रोलमध्ये हीच परीक्षा मॅपवर घ्यायची. समुद्रसपाटीजवळ गरम इंजिनाचा आयडलला मॅप साधारण ३० ते ४० किलोपास्कल असतो. व्हॉल्व्ह टेस्टमधून हळूहळू उघडत न्या. दाब वर चढला, इंजिन अडखळलं, बंदच पडलं, तर वाट मोकळी आहे, व्हॉल्व्हही चालतो. इंजिनाला काहीच फरक पडला नाही, तर व्हॉल्व्ह नवा असो की जुना, पुढचं भोक बुजलेलं असणार. थ्रॉटल बॉडीजवळ इनटेकमध्ये वायू जिथे येतो ते छिद्र पुष्कळदा जेमतेम बोटाएवढं असतं आणि तिथला कार्बन दगडासारखा कडक होतो. व्हॉल्व्ह काढणाऱ्याला ते दिसत नाही, म्हणून तेच राहून जातं.

काही पेट्रोल इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला ईजीआरचं वेगळं बारीक छिद्र असतं. त्यांतली तीन बुजली आणि एक उघडं राहिलं, तर सगळा वायू एकाच सिलिंडरला मिळतो आणि त्यालाच मिसफायर येतो, म्हणजे इंधन नीट पेटत नाही, तोही फक्त एकसंध वेगात. प्लग आणि कॉइल बदलून हा मिसफायर जात नाही. मिसफायरवाल्या सिलिंडरचं छिद्र साफ असतं आणि बाकीची बुजलेली.

वायरिंग

पाच पिनांच्या इलेक्ट्रिक व्हॉल्व्हला दोन तारा मोटरच्या आणि तीन सेन्सरच्या: ५ व्होल्ट, अर्थ, सिग्नल. कनेक्टर काढून, इग्निशन चालू करून ५ व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर लगेच वायर तुटली म्हणू नका. हाच पुरवठा दुसऱ्या एखाद्या सेन्सरला वाटून दिलेला असतो आणि तो शॉर्ट झाला की सगळ्यांचा व्होल्टेज बसतो. अशा वेळी एकदम तीन-चार सेन्सरांचे कोड पडतात. एकेक सेन्सर काढत जा. ज्याला काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तो दोषी.

सिग्नल मिटलेल्या व्हॉल्व्हला साधारण ०.५ ते १.२ व्होल्ट आणि पूर्ण उघड्याला ४ च्या आसपास असतो; काही व्हॉल्व्हमध्ये हे उलटंही असतं, म्हणून मॅन्युअल बघावं. महत्त्वाचं आहे ते चढणं. व्हॉल्व्ह सावकाश उघडताना आकडा सलग चढला पाहिजे. मध्येच एकदा शून्याला पडून परत आला तर ट्रॅक झिजलेली आहे. असा व्हॉल्व्ह कितीही चकचकीत साफ केला तरी पी०४०४ परत येणार. हा खरोखर बदलायचा. अर्थची तपासणी मोटर चालत असताना करा. मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी व्हॉल्व्हच्या अर्थ पिनला, ०.१ व्होल्टच्या वर दिसला तर अर्थ खराब. शेवटी वायरचा जुडगा हातात धरून हलवा. एक्झॉस्टच्या उष्णतेने इन्शुलेशन तडकलेलं असतं आणि दोष फक्त हादऱ्यात दिसतो.

व्हॅक्यूमवर चालणारे जुने व्हॉल्व्ह

हातपंपाने व्हॉल्व्हच्या डायफ्रामला साधारण ५० किलोपास्कल व्हॅक्यूम द्या. काटा अर्धा मिनिट तरी स्थिर राहायला हवा. खाली आला तर डायफ्राम फाटला. एक अपवाद लक्षात ठेवा: एक्झॉस्टच्या दाबावर अवलंबून असलेल्या जुन्या पेट्रोल व्हॉल्व्हमध्ये इंजिन बंद असताना व्हॅक्यूम टिकतच नाही. ते व्हॉल्व्ह याच कारणाने विनाकारण फेकले जातात.

व्हॅक्यूम सोडणाऱ्या-अडवणाऱ्या विजेच्या सोलेनॉइडला बाहेरची हवा घेणारा छोटा स्पंज-फिल्टर असतो. तो मळाने बुजला की व्हॅक्यूम सुटत नाही आणि व्हॉल्व्ह उघडाच अडकून राहतो. आयडल खडबडीत, गाडी उठत नाही, डिझेल असेल तर काळा धूर. व्हॉल्व्ह काढून बघावा तर निर्दोष. रबरी नळ्यांची टोकंही बघा. पंपापाशी पुरेसा व्हॅक्यूम आणि व्हॉल्व्हपाशी त्याच्या निम्मा, असं आढळलं तर मधली नळी चिरलेली.

काजळी काय सांगते

व्हॉल्व्ह काढलाच तर साफ करण्याआधी थांबा. उजेडात धरा, आतला थर बोटाने चाचपा, फोटो काढा. दोष परत का येतोय याचा सगळ्यात चांगला पुरावा हा थर असतो, आणि घाईत पहिल्यांदा तोच धुतला जातो.

बोटाला लागणारी कोरडी, पावडरसारखी काजळी आणि थर एक-दोन मिलिमीटरचा असेल तर ते वयोमानानुसार ठीक आहे. कोरडीच पण जाड, थरावर थर असेल तर इंजिन गरजेपेक्षा जास्त धूर करतंय: बूस्ट गळती, थेंब टाकणारा इंजेक्टर, चोंदलेला एअर फिल्टर. चिकट, डांबरासारखा, बोटाला ताणला जाणारा थर म्हणजे काजळीत तेल मिसळलंय. क्रँककेसच्या वाफेतलं तेल वेगळं करणारा विभाजक निकामी झाला किंवा टर्बोच्या सीलमधून तेल जातंय. इंटरकूलरचा खालचा होज काढून बघा. तेलाचा पातळ थर असतो, पण ओतता येईल इतकं तेल साचलं असेल तर आधी तो दोष मिटवा. ओलसर, चिखलासारखी काजळी बहुधा थंड इंजिनाची खूण: सगळ्या फेऱ्या दोन-तीन किलोमीटरच्या, किंवा थर्मोस्टॅट उघडा अडकलेला. आणि काळ्या थरात मध्येच धुतल्यासारखा स्वच्छ पट्टा किंवा पांढरट, हिरवट, गुलाबी खपली दिसली तर कूलर आतून गळतोय. कुलंट बाहेर कुठे सांडत नाही पण टाकीत कमी होतं, आणि सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरी वाफ जास्त वेळ राहते, हेही सोबत दिसेल. हा दोष मागे ठेवू नका. कुलंट सिलिंडरमध्ये साचलं तर कनेक्टिंग रॉड वाकण्यापर्यंत गोष्ट जाते. कूलिंग सिस्टिमला रेडिएटर कॅपवर लिहिलेल्या दाबाइतका दाब देऊन ठेवा आणि व्हॉल्व्हच्या तोंडातून आत बघा, थेंब दिसतो.

डीपीएफ (डिझेलच्या एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत त्याच्या दोन बाजूंच्या दाबातला फरकही बघून घ्या. आयडलला तो साधारण १ किलोपास्कलच्या आत असतो. फिल्टर चोंदला की एक्झॉस्टमधला दाब वाढतो आणि टर्बोच्या आधीच्या फाट्यावरून येणारा ईजीआर व्हॉल्व्ह तेवढाच उघडा असताना जास्त वाहतो. इथे पी०४०२ चं मूळ फिल्टरमध्ये असतं.

साफ करताना

इंजिन थंड, बॅटरीचं निगेटिव्ह काढलेलं. कूलर जोडलेला असेल तर कुलंट उतरवून घ्या. व्हॉल्व्ह तोंड खाली करून धरा, म्हणजे क्लीनर दांड्यावरून मोटरकडे उतरणार नाही. मोटर आणि सेन्सरचा भाग द्रावणात बुडवला की व्हॉल्व्ह संपला. क्लीनर मारून १५-२० मिनिटं मुरू द्या, मग नायलॉनचा ब्रश. व्हॉल्व्ह मिटताना जिथे टेकतो त्या बैठकीच्या कडेवर स्क्रू-ड्रायव्हर किंवा तारेचा ब्रश चालवू नका. तिथे ओरखडा पडला की व्हॉल्व्ह कायमचा गळतो आणि आयडल पुन्हा खडबडीत. काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढा कार्बनचा तुकडा कडेत अडकला तरी तेच होतं. इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह हाताने जोर लावून ढकलू नका, आतली दात्यांची चाकं प्लॅस्टिकची असू शकतात.

सुकल्यावर एक सोपी परीक्षा: मिटलेल्या बैठकीवर थोडं रॉकेल ओता आणि पाच मिनिटं ठेवा. बारीक पाझर चालेल, टपटप गळता कामा नये. व्हॉल्व्हसोबत नळी, कूलरचं तोंड आणि इनटेकची वाट तिन्ही साफ करा, नाहीतर कोड त्याच जागी उभा. गॅस्केट नवीनच. चालू डिझेल इंजिनाच्या इनटेकमध्ये क्लीनर फवारणं धोक्याचं आहे. ते इंधनासारखं जळून इंजिन आवराबाहेर रेस होऊ शकतं, आणि सुटलेला कडक कार्बन व्हॉल्व्ह आणि टर्बोकडे जातो.

ब्लँकिंग प्लेट लावून वाट कायमची बंद करणं हा इलाज नाही. अनेक ठिकाणी ते बेकायदा आहे, नायट्रोजन ऑक्साइड वाढतात आणि प्रवाहाचं गणित बिघडल्यामुळे कोड तर येणारच. गळती व्हॉल्व्हचीच आहे का हे ठरवायला आयडलवर काही मिनिटांपुरती ती लावून बघता येते: प्लेट लावल्यावर आयडल सुधारलं तर गळती व्हॉल्व्हची, नाही सुधारलं तर दुसरीकडून हवा शिरतेय. बघून झालं की काढायची.

बसवल्यानंतर

ईसीयूने जुन्या, काजळी बसलेल्या व्हॉल्व्हची 'मिटलेली' जागा लक्षात ठेवलेली असते. साफ केलेला व्हॉल्व्ह त्यापेक्षा खाली बसतो आणि ईसीयूला आकडा जुळत नाही. साफसफाईनंतर दोन दिवसांत येणाऱ्या पी०४०४ मागे पुष्कळदा एवढंच असतं. स्कॅनरमधून ईजीआरचं ॲडाप्टेशन रीसेट करून नव्याने शिकवून घ्या. ज्या गाड्या हे आपोआप शिकतात त्या बहुधा इग्निशन बंद केल्यावर व्हॉल्व्ह एकदा पूर्ण उघड-मीट करतात. बंद करताच बॅटरी काढली तर ते शिकणं अर्धं राहतं. मिनिटभर थांबा.

दिवा विझला म्हणजे दुरुस्ती झाली असं मानू नका. कोड पुसला की ईजीआरचा मॉनिटर (ईसीयू स्वतः घेतो ती तपासणी) 'अपूर्ण' होतो आणि ठरावीक परिस्थिती जुळल्यावरच परीक्षा घेतो: इंजिन गरम, काही मिनिटं एकसंध वेग, मग ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढून गाडी गिअरमध्येच आपोआप मंदावू देणं. त्यातही प्रवाहाचा कोड बऱ्याच गाड्यांत सलग २ ड्राइव्ह सायकल (गाडी सुरू करून चालवून बंद करण्याच्या फेऱ्या) नापास झाल्यावरच दिवा लावतो. पुसल्यानंतरचे 'चांगले' आठ-पंधरा दिवस पुष्कळदा असेच आलेले असतात: शहरातल्या छोट्या फेऱ्यांत परीक्षाच झालेली नसते. अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर चालवून मॉनिटर 'पूर्ण' झालाय का बघा. स्कॅनरला मोड ६ असेल तर ईजीआरच्या परीक्षेचा निकाल आणि त्याची किमान-कमाल मर्यादा तिथे दिसते. निकाल मर्यादेच्या अगदी काठावर पास झालेला असेल तर वाट अजून पूर्ण मोकळी नाही. थ्रॉटलजवळचं छिद्र आणि कूलर पुन्हा बघा, दिवा लागायची वाट न बघता.